दुखत नसताना पण रोज गोळी घ्यायची? मायग्रेनवाल्यांनो, जरा बोला

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वय ३६, आयटीत नोकरी, एक मुलगी. डोकेदुखी कॉलेजपासून. बहुतेक वेळा उजवा डोळा आणि त्याच्या वरची बाजू, ठणठण ठोके पडतात, जिना चढला की वाढतं, उजेड नको, कुकरची शिट्टी नको, आणि उलटी झाली की जरा उतरतं. म्हणून आमच्याकडे याला पित्त म्हणतात. आई पित्त म्हणते, आजी पण पित्तच म्हणायची, दोघींना हेच व्हायचं. नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सायनस म्हटलं, एक्सरे झाला, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाव नंबरचा चष्मा दिला. मान आखडते म्हटल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी स्पाँडिलायटिस सांगून पट्टा दिला. आता शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले तर त्यांनी नुसते प्रश्नच प्रश्न विचारले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, एका रेषेत चालायला लावलं आणि म्हणाले मायग्रेन आहे, एमआरआय लागणार नाही. प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलंय, रोज घ्यायचं, सहा महिने तरी.

घरात गहजब. सासूबाई म्हणतात ही तर बीपीची गोळी, तुझं बीपी चांगलं आहे, एकदा लागली की जन्मभर लागली. नवरा म्हणतो दुखेल तेव्हाच घे ना. पण दुखेल तेव्हा घ्यायची पेनकिलर आधी महिन्यातून एखाददुसरी लागायची, आता पर्समध्ये अख्खं पाकीट असतं आणि आठवड्याला तीनचार जातातच.

तर रोजची गोळी कोणी घेतलीय का? फरक पडतो? सुटते का नंतर? आणि एक विचित्र प्रश्न, केस धुतले की हमखास डोकं धरणारं माझ्याशिवाय कोणी आहे का की मीच येडी?

मोरपंखी_काका

पित्तच आहे. उपाशीपोटी मोरावळा, जागरण बंद, चहा बंद. आमच्याकडे चार पिढ्यांना आहे, कोणी न्यूरॉलॉजिस्टचं तोंड बघितलं नाही.

किर्रकिडा

काका, चार पिढ्यांना आहे म्हणजे चार पिढ्या मायग्रेनच की. ते घराण्यातून येतं :ड

सुमेधा_नाशिक

अबोली, तुझी पोस्ट वाचून वाटलं मीच लिहिलीय. फक्त माझी गाडी तुझ्या पुढच्या स्टेशनावर गेली होती म्हणून लांबलचक लिहिते.

माझं असं झालं की सकाळी उठतानाच डोकं जड, दुपारी ऑफिसात ठणके बसायच्या आत एक गोळी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचाय म्हणून अजून एक. ती गोळी म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, कॅफिनवाली, कुठल्याही मेडिकलमध्ये न विचारता देतात ती. मी गोळी घेते कारण डोकं दुखतं असंच मी धरून चालले होते. न्यूरोवाल्या मॅडमनी उलटं सांगितलं, आता तुमचं डोकं दुखतंय ते गोळ्यांमुळेच. साधी पेनकिलर महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, किंवा या मिश्र गोळ्या, ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यासाठीच्या खास गोळ्या) वगैरे १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधानेच होणारी डोकेदुखी मागे लागते. किती गोळ्या खाल्ल्या हे मोजत नाहीत, किती दिवशी खाल्ल्या ते मोजतात. अबोली, आठवड्याला तीनचार म्हणजे महिन्याचे किती दिवस होतात बघ जरा.

मग बंद करायला लावल्या. पहिला आठवडा नरक, खोटं नाही सांगत. डोकं आधीपेक्षा जास्त दुखलं, मळमळ, झोप नाही, चिडचिड, नवऱ्याने मुलांना घेऊन सरळ गाव गाठलं. मधल्या काळासाठी वेगळं औषध दिलेलं होतं आणि रोजची गोळीही लगेच सुरू केली होती, माझी टोपिरामेट. दुसऱ्या आठवड्यानंतर एक दिवस लक्षात आलं की आज पर्स उघडलीच नाही.

टोपिरामेटचे चटके पण सांगते. बोटांना मुंग्या, भूक गेली, वजन उतरलं (यावर बायका म्हणतात आम्हाला पण दे), आणि बोलता बोलता शब्दच आठवायचा नाही. पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं कारण मुतखडा होऊ शकतो. वर्षभराने हळूहळू कमी करून थांबवली. सुटते गं, जन्माची नसते.

मोरपंखी_काका

म्हणजे गोळीने झालेलं दुखणं बरं करायला अजून एक गोळी. वा.

डॉ_खाडीपट्टा

कोकणात जनरल प्रॅक्टिस आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही. पण ओपीडीत रोज "डॉक्टर, पित्ताने डोकं उठलंय" ऐकतो म्हणून लिहितो.

अबोलीताईंचं वर्णन पाठ्यपुस्तकातलं आहे. निदानाचे निकष जगभर एकच वापरतात. उपचार न करता डोकं ४ ते ७२ तास दुखतं, असे निदान पाच तरी झटके येऊन गेलेत. एका बाजूला, ठोके पडल्यासारखं, कामात अडथळा आणण्याइतकं जोरात, आणि साध्या चालण्या-चढण्याने वाढणारं, यातल्या किमान दोन गोष्टी. शिवाय मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं. बस. यात रक्त, एक्सरे, स्कॅन काहीही नाही. निदान तुमच्या तोंडून होतं. म्हणून ज्यांनी नुसते प्रश्न विचारले त्यांनीच खरं तपासलं.

आता पित्त. मायग्रेनच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, खाल्लेलं तसंच पडून राहतं, मळमळतं, शेवटी उलटी होते. म्हणजे पोट बिघडल्याने डोकं दुखत नाही, दोन्ही गोष्टी एकाच झटक्याचे भाग आहेत. आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती बसून राहते, लागू पडत नाही. बरेचदा आम्ही वेदनाशामकाबरोबर उलटीचं औषध देतो ते पोट पुढे ढकलायलाही देतो.

सायनसचं पण तेच. २००४ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी छापून आली होती, "मला सायनसची डोकेदुखी आहे" म्हणणारे २,९९१ लोक घेतले, त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारात बसलं. झटक्यात नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून फसगत होते. खऱ्या सायनसला ताप, पिवळाहिरवा शेंबूड वगैरे असतो. मान आखडणं हेही मायग्रेनमध्ये अगदी नेहमीचं.

काका, तुमचा टोला मान्य, पण त्या दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत. एक आग लागल्यावरची, एक आग लागू नये म्हणूनची.

वैद्य_शलाका

आयुर्वेदाला इतकं झटकून टाकू नका. सुश्रुताने शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितलेत, त्यात अर्धावभेदक आहे, सूर्यावर्त आहे, म्हणजे अर्ध डोकं दुखणं आणि उन्हाबरोबर चढून संध्याकाळी उतरणं हे निरीक्षण केव्हाचं आहे. मी रुग्णांना नस्य (नाकात औषधी तेलाचे थेंब) देते, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा लावून देते, बऱ्याच जणांचे झटके विरळ होतात. पण आठवड्याला तीनचार पेनकिलर चालू असेल तर मी पण आधी न्यूरॉलॉजिस्टच सांगेन. आणि कृपा करून मेडिकलमधून आणलेलं कुठलंही तेल स्वतःच्या स्वतः नाकात ओतू नका, हल्ली रीळ बघून करतात लोक.

बाराबंदी

अर्धशिशीला सूर्योदयाच्या आधी गरम जिलेबी आणि दूध, ही आमच्या आजीची ट्रीटमेंट. गुण येवो न येवो, पेशंट कधी तक्रार करत नव्हता.

किर्रकिडा

मला आत्ताच अर्धशिशी सुरू झाली. एवढ्या पहाटे जिलेबी कुठे मिळते?

पायवाट_९०

ऑफिसात मायग्रेन म्हणून रजा टाकली तर मॅनेजर म्हणाला, "डोकेदुखी तर मला पण आहे, माझ्या टीममध्ये बारा आहेत."

रेवा_औंध

केसांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. अबोली तू येडी नाहीस. रविवारी न्हायले की रविवार गेला, असं माझं वर्षानुवर्षं आहे. मला पण वाटायचं माझं काहीतरी खूळ आहे, मग कळलं की मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिलाय, २००६ मध्ये, केस धुतल्याने मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय पेशंटांवर. लांब केस, डोक्यावरून आंघोळ, मग ओल्या केसांनी तासन्तास, हे आपल्याकडचंच. परदेशी यादीत चीज आणि रेड वाइन असते, ती आपल्या काय कामाची.

मी आता झोपायच्या वेळी धुवत नाही, दुपारी धुते, कोमट पाणी, लगेच वाळवते, आणि त्या दिवशी जेवणाची वेळ चुकवत नाही. पूर्ण थांबलं नाही पण दर वेळी होत नाही.

मंजिरी_सोलापूर

मग आपली देशी यादी करूया का?
- ऊन. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, डोक्यावर पदर असला तरी.
- संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत उपाशी, आणि चंद्र साडेनवाला. ताट वाढेपर्यंत मी आडवी.
- उदबत्ती, आणि लग्नात शेजारी बसलेल्या मावशींचं अत्तर.
- जाऊबाई.

किर्रकिडा

शेवटच्या ट्रिगरवर अजून औषध निघालेलं नाही.

वरंधा_घाट

एसटी राहिली. लहानपणी घाटात मला गाडी लागायची, खिडकीपाशी बसून पिशवी हातात. मोठा झाल्यावर गाडी लागायची थांबली आणि डोकं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले मायग्रेनवाल्यांत गाडी लागणारे जास्त असतात. आमच्या घरात जे जे ओकायचे ते ते आता डोकं धरून बसतात, एकदम बरोबर हिशोब.

तांबडापांढरा

यादीत गणपतीतला डीजे आणि ते लेझर लाइट टाका राव. आमच्या कोल्हापुरात मिरवणुकीच्या रात्री आई दारं खिडक्या लावून, डोक्याला टॉवेल गुंडाळून पडलेली असते, छातीत धडधड वेगळीच. लई वाईट वाटतं बघून.

शनिवारपेठी

डीजे बंद करा म्हटलं की सगळे म्हणतात आमचेच सण दिसतात का. बाकीच्यांचे भोंगे

तांबडापांढरा

मी कुणाचे सण काढले? आईचं डोकं दुखतं म्हटलं फक्त.

संपादक

सण, डीजे आणि भोंगे यांसाठी वेगळे धागे आहेत, तिथे जावे. पुढचे अवांतर उडवले जाईल. इथे फक्त डोके.

किर्रकिडा

"इथे फक्त डोके" हे धाग्याचं ब्रीदवाक्य करा.

खडू_फळा

शिक्षिका आहे, सांगलीजवळ. माझा प्रकार थोडा वेगळा. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना माझंच अक्षर अर्धं दिसेना. "समीकरण" मधला "सम" आहे आणि पुढे काहीच नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला चमचमणारी नागमोडी रेघ, ती हळूहळू मोठी होत डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकत गेली. मी टेबल धरून बसले, पोरं गप्प. वीसपंचवीस मिनिटांत सगळं स्वच्छ दिसायला लागलं आणि मग डोकं. मला अर्धांगवायूच वाटला होता. तपासण्या झाल्या, सगळं ठीक, याला ऑरा म्हणतात म्हणाले.

मग मी वाचत बसले, सवयच आहे. कार्ल लॅशली नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याला स्वतःला हेच व्हायचं. त्याने दर काही मिनिटांनी तो आंधळा ठिपका कुठवर सरकला याची चित्रं काढली आणि १९४१ मध्ये मांडलं की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असणार. झटका चालू असताना चित्रं काढत बसला हा माणूस! पुढे १९४४ मध्ये ब्राझीलच्या लिआंवने सशाच्या मेंदूत तशीच सावकाश पसरत जाणारी लाट दाखवली. ते वाचल्यापासून मला ऑरा आला की भीती कमी वाटते, घड्याळ बघते फक्त.

डॉ_खाडीपट्टा

सुंदर लिहिलंत बाई. दोन गोष्टी जोडतो. ऑरा हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटांत जातो. अर्धांगवायूत सहसा सगळं एकदम, एका क्षणात जातं. पण आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं तर घरी बसून फरक ओळखत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

दुसरं, ऑरा असणाऱ्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट असेल तर आणखीच. पाळीच्या तक्रारींसाठी त्याच गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना डोळ्यांपुढच्या रेघांबद्दल कोणी सांगत नाही. आपणहून सांगा.

रेवा_औंध

पाळीवरून आठवलं, मला पाळीच्या एकदोन दिवस आधी हमखास येतं. इस्ट्रोजेन खाली येतं म्हणून. आईचं पाळी गेल्यावर जवळपास थांबलं, त्या आशेवर आहे :)

ऑरेंजसिटी_भाऊ

नागपूरहून. माझं मायग्रेन नाही, पण लोकं त्यातच टाकतात म्हणून लिहून राहिलो. रात्री दीडदोनला, जसा काही अलार्म लावलाय, डाव्या डोळ्याच्या मागे कोणी तापलेली सळई घालावी तसं. डोळा लाल, पाणी, तीच नाकपुडी बंद. मायग्रेनवाला अंधारात गप पडून राहतो, मला तर पडवतच नाही, घरभर येरझारा, भिंतीवर डोकं आपटावं वाटते. तासाभरात संपते. असं दीडदोन महिने रोज, मग वर्षभर काहीच नाही. तोवर अक्कलदाढ काढून झाली होती.

शेवटी एका न्यूरोवाल्याने ओळखलं, क्लस्टर हेडेक. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवला आहे, मास्क लावून मिनिटाला बारा ते पंधरा लिटर जोरात घेतला की पंधरावीस मिनिटांत उतरते. शेजाऱ्यांना वाटलं कोरोना परत आला. सीझन सुरू झाला की व्हेरापामिलची गोळी. कोणाला असं ठरल्या वेळी, एकाच डोळ्याला होत असेल तर हे नाव डॉक्टरला विचारा.

पायवाट_९०

बाप रे. माझी तक्रार मागे घेतो.

जर्सीचा_जावई

न्यू जर्सीहून. बायकोला महिन्याला पंधराच्या वर दिवस डोकेदुखी, म्हणजे क्रॉनिक मायग्रेन. प्रोप्रॅनोलॉल झालं, टोपिरामेट झालं, बोटॉक्स पण झालं (हो तेच, कपाळ, कानशिलं, मागे मान आणि खांद्यापर्यंत ३१ ठिकाणी बारीक सुया, दर १२ आठवड्यांनी). आता महिन्यातून एकदा स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन आहे, मायग्रेन भडकवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारं. आधीची सगळी रोजची औषधं दुसऱ्याच आजाराची होती, बीपीची, फिटची, नैराश्याची, चुकून मायग्रेनला लागू पडलेली. प्रोप्रॅनोलॉल तर १९६६ मध्ये छातीच्या दुखण्याच्या पेशंटांना देताना लक्षात आलं. ही इंजेक्शनं मायग्रेन टाळण्यासाठीच बनवलेली पहिली, २०१८ मध्ये इथे मंजूर झाली. त्या रेणूवर काम करणाऱ्या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं.

तिला फायदा मोठा आहे. पण इन्शुरन्सवाले आधी दोन जुनी औषधं घेऊन फसलात याचा पुरावा मागतात, त्या कागदपत्रांनी माझं डोकं दुखायला लागलं.

सुमेधा_नाशिक

इंजेक्शन भारतात पण मिळतं, मॅडमनी सांगितलं होतं. पण दर महिन्याचा खर्च ऐकून मी म्हटलं माझ्या मुंग्याच बऱ्या.

अबोली_ठाणे

बापरे, केवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद. सुमेधा, तू म्हणालीस तसं कॅलेंडरवर खुणा करून बघितल्या, अंगावर काटा आला. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला, केसांचा भाग ऐकून त्या म्हणाल्या मला पण होतं गं, मी कधी बोलले नाही.

अजून गोळी सुरू केलेली नाही. एक शंका, मला पावसाळ्यात दम लागतो, इन्हेलर घेते तेवढ्यापुरता. त्याचा काही संबंध नाही ना?

डॉ_खाडीपट्टा

आहे. चांगलाच आहे. दमा असणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, श्वासनलिका आकसू शकतात. गोळीला हात लावू नका, उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करून "मला दमा आहे, इन्हेलर आहे" एवढंच सांगा, ते बदलून देतील. पर्याय बरेच आहेत.

सर्वांसाठी: ज्यांची प्रोप्रॅनोलॉल चालू आहे त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नये, ती टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

सुमेधा_नाशिक

अबोली उद्या नक्की कर फोन. आणि मूल हवं असा काही विचार असेल तर तेही सांग. व्हॅलप्रोएट (तीही मायग्रेनसाठी देतात ती रोजची गोळी) आणि टोपिरामेट दोन्ही गरोदरपणात बाळाला घातक, मला आधी तेच विचारलं होतं.

मोरपंखी_काका

बघा, म्हणून म्हणत होतो.

किर्रकिडा

काका, मोरावळ्यात साखर किती असते तेही सांगा, मधुमेहवाले वाचतायत.

ओंजळ

एक वेगळं सांगायचंय, कारण इथे सगळेच "एमआरआय लागत नाही" वाचून निश्चिंत होतील. बाबा ७१ वर्षांचे, आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही. मागच्या वर्षी रोज दुखायला लागलं, आम्ही ऊन, चष्मा, चहा सगळं करून बघितलं. मग बोलताना अडखळायला लागले, पाय ओढायला लागले. स्कॅन केला तर कवटीच्या आत रक्त साठलेलं. महिनाभर आधी अंगणात शेवाळावर पाय घसरला होता, डोकं कुंडीला लागलं होतं, टेंगूळ पण आलं नव्हतं म्हणून कोणी लक्षातच ठेवलं नाही. त्यात हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. छोटं ऑपरेशन करून रक्त काढलं, आता ठणठणीत आहेत, दिवाळीला आकाशकंदील त्यांनीच लावला.

डॉ_खाडीपट्टा

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, एका मिनिटाच्या आत टोकाला जाणारी "अशी कधीच दुखली नव्हती" अशी डोकेदुखी, ताप आणि मान कडक, हातपाय-वाचा-नजर-शुद्धीत फरक, डोक्याला मार, कॅन्सर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट, गरोदरपण किंवा बाळंतपणानंतर नवीनच सुरू झालेलं, खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारं. यातलं काहीही असलं की धागे वाचायचे नाहीत, थेट हॉस्पिटल. आणि पन्नाशीच्या पुढे कानशिल दुखतंय, चावताना जबडा भरून येतोय असं असेल तर त्याच दिवशी दाखवा, नजर जाऊ शकते.

पायवाट_९०

झटक्याच्या वेळी नक्की काय घ्यायचं हे कोणी सांगितलंच नाही.

खडू_फळा

मला नॅप्रॉक्सेन ही पेनकिलर आणि उलटीची गोळी, दुखायला लागल्या लागल्या. ते पुरलं नाही तर रिझाट्रिप्टान. डोळ्यांपुढे रेघा चालू असताना ट्रिप्टान घेत नाही, डोकं सुरू झालं की घेते. हृदयविकार असणाऱ्यांना ट्रिप्टान चालत नाहीत म्हणून आधी ईसीजी काढला होता. वडिलांच्या काळातली अर्गोटामिनवाली गोळी अजून दुकानात मिळते, तिच्याबरोबर चोवीस तासांत ट्रिप्टान चालत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

आणि "जरा थांबू, बघू जातंय का" हे करायचं नाही, मी वर्षानुवर्षं तेच केलं. फक्त आठवड्यात दोन दिवसांच्या वर जात असेल तर परत सुमेधाताईंची पोस्ट वाचा.

मंजिरी_सोलापूर

मला एक कळत नाही, झटक्याच्या आदल्या दिवशी मला गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही, चॉकलेट तर हवंच. मग घरचे म्हणतात चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं.

डॉ_खाडीपट्टा

उलटंही असू शकतं. झटका येण्याच्या काही तास ते दीड-दोन दिवस आधीच मेंदूत सुरुवात झालेली असते, तेव्हा जांभया, गोड खावंसं वाटणं, मान जड होणं, चिडचिड असं सगळं होतं. चॉकलेट खायची ओढ हीच झटक्याची पहिली खूण असेल, तर बिचाऱ्या चॉकलेटवर आळ का. दोनतीन महिने वहीत लिहून बघा, दुखलं तो दिवस, गोळी, पाळी, झोप, उपास. पानभर नको, एक ओळ पुरे, नाहीतर चौथ्या दिवशी सुटते वही. आणि संकष्टीला दुपारी साबुदाणा, दूध, केळं काहीतरी खा, चहाची वेळही चुकवू नका, रोज चहा घेणाऱ्यांना तो अचानक बंद केल्यानेही दुखतं.

मंजिरी_सोलापूर

चहा सुटणार नाही ही ग्वाही देते. जाऊबाईंचं काय करू?

अबोली_ठाणे

अपडेट. फोन केला, डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल रद्द केलं आणि पुढच्या वेळेपासून सगळ्यांना पहिला प्रश्न दम्याचाच विचारीन म्हणाले. आता अमिट्रिप्टिलिन, अगदी कमी डोस, रात्री. माझी झोपही बोंबलली होती म्हणून हे निवडलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी उठायला जड जातं, बाकी ठीक. पेनकिलरला आठवड्यात दोन दिवसांची मर्यादा घातलीय, पाकीट नवऱ्याकडे जमा, त्याच्याकडे मागायला लागतं. पूर्ण डोसला दोन महिने झाल्याशिवाय लागू पडतंय की नाही ते ठरवायचं नाही म्हणाले, आणि झटके निम्म्यावर आले तरी यश समजायचं, शून्याची वाट बघायची नाही. मला "कमी होईल" आणि "जाईल" यातला फरक आधीच सांगितला ते बरं वाटलं.

गेला आठवडा वाईट गेला, सुमेधाने लिहिलं होतं तस्साच. दोन दिवस रजा. तरी सुरू ठेवतेय.

सुमेधा_नाशिक

शाब्बास. वाईट दिवस आला की इथे येऊन शिव्या घाल, संपादक उडवणार नाहीत.

संपादक

उडवू. पण दुसऱ्या दिवशी.

लिंबूटिंबू_आई

धागा उशिरा वाचला. मुलगा आठ वर्षांचा, महिन्यातून एकदोनदा पोट दुखतं म्हणून शाळेतून फोन येतो. बेंबीच्या आसपास, जेवत नाही, अंधारात झोपतो, उठला की खेळायला पळतो. सोनोग्राफी स्वच्छ, जंताचं औषध झालं, बाई म्हणतात नाटक करतो. डोकं दुखतं असं तो म्हणत नाही, पण मला स्वतःला मायग्रेन आहे. संबंध असेल का?

डॉ_खाडीपट्टा

असू शकतो, मुलांत पोटाचं मायग्रेन असा प्रकार आहे, आणि आईला मायग्रेन असणं ही महत्त्वाची माहिती आहे. दुखताना चेहरा पांढराफटक पडतो का, मळमळतं का, दोन दुखण्यांच्या मध्ये तो एकदम ठणठणीत असतो का, किती तास चालतं, हे लिहून बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री दुखण्याने झोपमोड, ताप यातलं काही असेल तर पोटाचंच दुसरं कारण आधी शोधावं लागेल. शाळेच्या बाईंना तोवर सांगा, नाटक करणारं पोर मधल्या सुट्टीत दुखवून घेत नाही.

लिंबूटिंबू_आई

पांढरा पडतो. मागच्या वेळी नेमका डबा-पार्टीच्या दिवशीच दुखलं होतं, पावभाजी सोडून झोपला. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली.